आराखडा ३१ मेपासून सुरू करा

सरकारी संशोधन प्रयोगशाळेच्या नियोजन विभागात नव्यानं बसवलेला कुणी तरुण शास्त्रज्ञ वर्षातून एक-दोनदा तरी मला फोन करतो. प्रश्न ठरलेला असतो. "सर, पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन करायला सांगितलाय. तुमच्याकडं जुना फॉरमॅट आहे का?" आहेत की, चांगले चार आहेत. देत मात्र एकही नाही. फॉरमॅट हातात पडला की माणूस रकाने भरायला बसतो, आणि रकाने भरले की आराखडा झाला असं त्याला वाटायला लागतं. फोनवर तासभर जे सांगतो ते इथं एकदाच लिहून ठेवतो.

मी गडहिंग्लजचा. आमच्याजवळच्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि त्यांनी आरेखन केलेलं एचटी-२ हे विमान १९५१ साली आकाशात गेलं. आमचे गुरुजी हे इतक्यांदा सांगायचे, की विमान सोडून दुसरं काही करायचं मला सुचलंच नाही. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. नाव सांगत नाही, तिथं अजून ओळखीची माणसं कामाला आहेत. वीस वर्षं फटिग टेस्टिंगमध्ये गेली, म्हणजे विमानाचा पंख हजारो वेळा वरखाली वाकवून तो कुठं तडकतो ते बघण्यात. शेवटची अकरा नियोजनात.

पहिला आराखडा केला तो १४० पानांचा होता. उद्दिष्टं बासष्ट. मुखपृष्ठावर उगवत्या सूर्याकडं झेपावणारं विमान. छाननीला आलेल्या एका वयस्क प्राध्यापकांनी मधलंच एक पान उघडलं, एका उद्दिष्टावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे करणार कोण?" मी नाव सांगितलं. "ते किती वर्षांचे आहेत?" खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर जाऊन आस्थापना विभागाला फोन केला. ते गृहस्थ चौदा महिन्यांत निवृत्त होणार होते. उद्दिष्ट चौथ्या वर्षाचं होतं.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली.

आधी मोठा कागद

ड्रॉइंग ऑफिसमधून सगळ्यात मोठा कागद मागून घ्या. संगणकावर करू नका, कारण पडद्यावर एका वेळी सगळं दिसत नाही, आणि लोक स्क्रीनभोवती उभे राहून भांडत नाहीत, कागदाभोवती भांडतात. आडव्या रेषेवर वर्षं मांडा. पंचवार्षिक योजना बाराव्या योजनेबरोबर २०१७ मध्ये संपल्या, तरी सरकारी पैसा पाच-पाच वर्षांच्या घोटांतच येतो, वित्त आयोगाच्या चक्राबरोबर. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ २०२६ ते २०३१. तुमचा आराखडा त्याला जुळवून घ्या. कागद मात्र २०४० पर्यंत आखा. विमान पाच वर्षांत मावत नाही.

कागदावर तीन आडवे पट्टे: माणसं, यंत्रं, दिलेले शब्द. व्हिजन, मिशन वगैरे शब्द अजून कुणाला उच्चारू देऊ नका.

माणसांच्या पट्ट्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आस्थापना विभागाकडून जन्मतारखा मागवा आणि प्रत्येकाची निवृत्तीची तारीख कागदावर टोचा. यादी हातात आली की एक गंमत दिसेल. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं दरवर्षी ३१ मेला कॅन्टीनमध्ये हारांचा ढीग आणि संध्याकाळपर्यंत विभागच्या विभाग मोकळा. मी त्यातलाच. (बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजची, म्हणजे नॅलची, स्थापनाही १ जूनचीच, १९५९ सालची. तिची तारीख तेवढी खरी आहे.)

शास्त्रज्ञांचीच यादी करून थांबू नका. आमच्याकडं एक टेक्निशियन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पंखाच्या चाचणीआधी त्यावर शेकडो स्ट्रेन गेज, म्हणजे पत्रा किती ताणला ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवाव्या लागतात, नखाएवढ्या. पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा, ॲसिटोननं पुसायचा, पेन्सिलीनं खूण करायची, गोंदाचा थेंब टाकायचा आणि गेज अंगठ्यानं दाबून धरायचा. किती वेळ, ते कागदावर लिहिलेलं होतं. अण्णा घड्याळ बघत नसत, कसलासा श्लोक पुटपुटत. श्लोक संपला की अंगठा उचलत. त्यांच्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात लावलेले गेज वाहवत जायला लागले. भार शून्य, आणि आकडा सरकतोय. गोंद बदलला, तारा बदलल्या, पुरवठादाराला पत्रं लिहिली. तीन महिन्यांनी कुणीतरी वैतागून अण्णांच्या घरी गेलं. ते म्हणाले, "पावसाळ्यात आधी अर्धा तास शंभरचा बल्ब लावून ठेवायचा ना, पत्र्याला ओल असते." बल्ब तिथंच कपाटात होता. आम्ही तो उजेडासाठी आहे असं समजत होतो.

म्हणून प्रत्येक नावापुढं लिहा: यांच्याजवळ असं काय आहे जे कागदावर नाही, आणि ते आत्ता कोण शिकतंय. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते तुमच्या आराखड्याचं पहिलं उद्दिष्ट, मग बाकीची उद्दिष्टं कितीही झगमगीत असोत. सरकारी पद जुना माणूस गेल्यावरच मोकळं होतं, त्यामुळं नवा आणि जुना एका बाकावर बसण्याची सोय नियमात नसते. ती प्रकल्पाच्या तात्पुरत्या माणसांतून, अप्रेंटिसमधून करावी लागते. जाहिरातीपासून माणूस रुजू होईपर्यंत माझ्या अनुभवात दीड-दोन वर्षं जातात. तेवढं मागं मोजून तारीख टाका.

यंत्रांचं वय

इथं पुस्तकी किंमत उपयोगाची नाही. विचारायचं ते हे: हे बंद पडलं तर देशात दुसरं कुठं आहे?

बंगळूरचं १.२ मीटरचं ट्रायसॉनिक विंड टनेल, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वेगानं हवा सोडून बघायचा बोगदा, १९६७ मध्ये सुरू झालं. हे ब्लोडाउन जातीचं, म्हणजे कॉम्प्रेसरनं टाक्यांत हवा भरत बसायचं आणि मग काही सेकंदांत ती मॉडेलवरून सोडून द्यायची. ध्वनीच्या वेगाखालून ते चौपट वेगापर्यंत. आपली रॉकेटं, क्षेपणास्त्रं, तेजस, सगळ्यांची मॉडेलं तिथून गेली आहेत. कित्येक वर्षं या आकाराचं देशात ते एकच होतं. मग डिसेंबर २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई केंद्रात साधारण त्याच मापाचं ट्रायसॉनिक टनेल सुरू झालं. आता अशा टनेलच्या मालकानं आराखड्यात काय लिहावं? "आमची सुविधा देशात एकमेव" हे वाक्य खोडावं, एवढं तर झालंच. पण मग ग्राहक कोणत्या कामासाठी तुमच्याकडंच येईल? जुन्या टनेलजवळ पन्नास वर्षांची कॅलिब्रेशनची नोंद असते, आणि हा मोजमापाचा भरवसा नव्या यंत्राबरोबर विकत मिळत नाही. मी असतो तर पैसा त्या बाजूला वळवला असता.

यंत्र म्हणजे फक्त यंत्र नव्हे, त्याच्याखालची जमीनसुद्धा. फ्रान्समध्ये मोडान इथं ओनेरा या तिथल्या विमान-संशोधन संस्थेचं एस-१ हे राक्षसी टनेल आहे, १९५२ पासून चालतंय, डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर त्याचे पंखे फिरतात, ताकद ८८ मेगावॉट. २०१५ च्या सुमारास लक्षात आलं की इमारतीखालची जमीन खचतेय. एअरबसपासून सगळ्यांच्या मॉडेलांना तिथं जावं लागायचं, त्यामुळं आधी पाया बळकट करण्याचं काम काढावं लागलं. हा खर्च कुठल्याही संशोधन आराखड्यात शोभून दिसत नाही. तरी तुमच्या यादीत पाया, पंपाचे सील, ट्रान्सफॉर्मरचं तेल, छपराची गळती हे सगळं यायला हवं. आमच्या रिगचे, म्हणजे पंख वाकवणाऱ्या चाचणीच्या सांगाड्याचे, सर्व्हो व्हॉल्व्ह (तेलाचा दाब नेमका सोडणाऱ्या झडपा) परदेशातून यायचे. एकदा निर्यात परवान्यात असे अडकले की पंख सात महिने वाकलेल्या अवस्थेत तसाच उभा होता.

एखादं यंत्र बंद करायचं असेल तर तेही लिहा, तारखेसह. अमेरिकेत नासाच्या लॅंग्ली केंद्रातलं ३० बाय ६० फुटांचं टनेल १९३१ पासून २००९ पर्यंत चाललं आणि मग पाडलं. जुन्या यंत्रावर माणसाचा जीव जडतो. मी स्वतः एक रिग चार वर्षं उगाच जिवंत ठेवली. विजेचं बिल आणि दोन माणसं त्यात अडकली.

दिलेले शब्द, म्हणजे चालू प्रकल्पांतली आश्वासनं, हा तिसरा पट्टा अर्ध्या दिवसात भरतो. फक्त प्रकल्पप्रमुखांना विचारू नका, लेखा विभागाला विचारा. आश्वासन कुणाला दिलंय हे पावतीवर लिहिलेलं असतं.

कागद भरला की मग बाहेर पडा

वापरणाऱ्यांना "२०३५ मध्ये तुम्हाला काय लागेल?" असं विचारू नका. ते हायपरसॉनिक म्हणतील, एआय म्हणतील, हायड्रोजन म्हणतील आणि तुम्ही ते टिपून आणाल. हँगरमध्ये जा, चहाच्या वेळेला जा, आणि विचारा, "सध्या कुठलं काम अडलंय?" एका हवाई तळावर मला एका वॉरंट ऑफिसरनं पॅनेल उघडून दाखवलं. एक कोपरा तपासायला चौऱ्याण्णव स्क्रू काढावे लागत होते. त्या कोपऱ्यात भेगेचा माग काढणारा सेन्सर बसवणं हे आमच्या पुढच्या आराखड्यातलं सगळ्यात उपयोगी काम ठरलं, आणि ते कुठल्याही व्हिजन डॉक्युमेंटातून आलं नव्हतं.

मग टीआरएल (टेक्नॉलॉजी रेडीनेस लेव्हल), म्हणजे तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार झालंय ते सांगणारी पायरी. नासात १९७४ मध्ये ही कल्पना निघाली तेव्हा पायऱ्या सात होत्या, १९९५ पर्यंत नऊ झाल्या. १ म्हणजे मूलभूत तत्त्व सापडलं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. आपल्याकडं प्रत्येक विभाग स्वतःला ६ देतो. यावर माझा साधा उपाय आहे. आकडा विचारायचाच नाही. विचारायचं: कुठं चालवलं, कधी चालवलं, बघायला बाहेरचं कोण होतं? टेबलावर चालवलं आणि बघायला आपणच होतो, तर ते ४. उत्तर देताना माणूस छताकडं बघायला लागला तर ३. चारपासून सहापर्यंतच्या चढावर बहुतेक कल्पना मरतात, कारण त्या टप्प्यावर शोधनिबंधही निघत नाहीत आणि ग्राहकही पैसे देत नाही. आराखड्यातला पैसा तिथं घाला. १ ते ३ साठी लागतो थोडाच, पण तो कुणालाही कापू देऊ नका.

का कापू द्यायचा नाही, त्याचं माझं आवडतं उदाहरण तेजसच्या कंट्रोल लॉचं. हे विमान मुद्दाम अस्थिर केलेलं आहे. संगणक सेकंदाला कित्येक वेळा पंखांवरचे हलते भाग हलवत राहतो म्हणून ते सरळ उडतं, आणि कसं हलवायचं ते सांगणारी गणितं म्हणजे कंट्रोल लॉ. परदेशी भागीदाराची मदत तर घ्यायचीच होती. पण १९९२ मध्ये ही गणितं इथंच मांडणारा राष्ट्रीय चमू नॅलमध्ये उभा केला गेला. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले, निर्बंध आले, अमेरिकेत काम करणारी आपली माणसं परत आली, सामान तिकडं अडकलं. काम मात्र थांबलं नाही आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडालं. १९९२ च्या कुठल्याही खर्च-लाभाच्या तक्त्यात तो चमू महागच दिसला असता. म्हणून कागदावर एक प्रश्न लाल शाईनं लिहा: उद्या हे बाहेरून मिळायचं बंद झालं तर आपल्यापैकी कुणाला ते येतं?

तारखा टाकताना

इथं सगळे खोटं बोलतात, आणि मनापासून बोलतात. नॅलच्या सारस या छोट्या प्रवासी विमानाच्या प्रकल्पाला सप्टेंबर १९९९ मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण मार्च २००१ ला ठरलं होतं, झालं २९ मे २००४ ला. पहिला नमुना ठरवलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड भरला. यात कुणाला दोष द्यायचा नाही. विमानाचं वजन वाढतंच, जगभर वाढतं. प्रश्न असा, की वाढणार हे माहीत असताना आराखड्यात त्याला जागा का नसते? प्रत्येक मोठ्या कामात वजनाची, वेळेची आणि पैशाची राखीव थैली ठेवा आणि तिची चावी प्रकल्पप्रमुखाकडं देऊ नका.

तारखा तांत्रिक कामाच्या दिवसांत मोजू नका, खरेदीच्या दिवसांत मोजा. स्पेसिफिकेशन, समिती, दोन लिफाफ्यांची निविदा, आक्षेप, फेरनिविदा, परवाना, कस्टम. आम्ही एका ॲक्चुएटरचा, म्हणजे पंखावर जोर लावणाऱ्या दट्ट्याचा, माग काढला होता: तो बसवून चालू करायला अकरा दिवस लागले, दारापर्यंत यायला सव्वीस महिने. मग प्रमाणपत्राचे दिवस मोजा, नागरी विमानाला डीजीसीए, लष्करी विमानाला सेमिलॅक. त्यांच्या माणसाला पहिल्या वर्षापासून बैठकीला बोलवा. शेवटी बोलावलं तर तो पहिल्यापासून विचारतो.

पैशाचंही तसंच. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही असा अर्थखात्याचा दंडक आहे. म्हणजे मोठ्या खरेदीचं बिल डिसेंबरच्या आत निघेल अशीच ऑर्डर हवी. नाहीतर सुधारित अंदाजात तुमचा पैसा कापला जातो, आणि पुढच्या वर्षी "यांना खर्च करता येत नाही" असा शिक्का बसतो.

आणखी एक पट्टा आता कागदाच्या तळाशी काढा: गृहीतं. "इंजिन वेळेवर मिळेल", "टनेलला वीज मिळेल", "हा ग्राहक टिकेल". प्रत्येकापुढं, ते खोटं ठरलं तर काय, हे लिहा. तेजससाठी कावेरी इंजिन देशातच करायचं होतं, ते काम १९८९ मध्ये सुरू झालं. पण पहिली नमुना विमानं अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडवायचं आधीच ठरलं होतं. कावेरीला लागणारा जोर आला नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं, तरी विमान जमिनीवर अडकलं नाही.

लिहायला बसा

हे सगळं झाल्यावर, साधारण चौथ्या महिन्यात, लिहायला घ्या. बारा पानं. त्यातलं एक पान बंद करायच्या कामांचं, तारखांसह. हे पान संचालकांच्या सहीनं जातं, त्यामुळं त्यांना ते शेवटच्या दिवशी दाखवू नका. दर आठवड्याला एकेक नाव त्यांच्या कानावर घालत जा. विभागप्रमुख चिडतील. कानडीत एक गोड शब्द आहे, "नोडोणा", म्हणजे बघू या. बंगळूरच्या कचेरीत नकार द्यायचा नसेल आणि होकारही द्यायचा नसेल तर तो वापरतात. ज्या कामाला तीन बैठकांत तीनदा नोडोणा मिळाला ते मी बंदच्या पानावर टाकायचो. चौथ्या बैठकीत कुणी खरोखर भांडायला आला तर परत काढायचो. भांडायला दोनच जण आले, अकरा वर्षांत.

उद्दिष्ट लिहिताना क्रियापद तपासा. "बळकट करणे", "चालना देणे", "उत्कृष्टता साधणे" ही क्रियापदं दिसली की ओळ खोडा. "मार्च २०२९ पर्यंत पंखाचा दोन मीटरचा काँपोझिट बॉक्स विमानाच्या दोन आयुष्यांएवढा वाकवून, थकवून दाखवणे" असं लिहा. त्यात कोण नापास होईल ते कळतं. व्हिजनचं वाक्य सगळ्यात शेवटी, जेवणानंतर, पंधरा मिनिटांत.

छापून आलं की कपाटात ठेवू नका. तो मोठा कागद कॅन्टीनच्या वाटेवरच्या भिंतीला लावा, काच न बसवता. शेजारी दोरीनं एक पेन्सिल बांधून ठेवा. आमची पेन्सिल दर पंधरा दिवसांनी चोरीला जायची. मी स्टोअरमधून डझनभर मागवून ठेवल्या होत्या, त्याचं कारण इंडेंटवर (मागणीपत्रावर) "स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग" असं लिहिलं होतं, आणि लेखा विभागानं एकदाही विचारलं नाही.